कच्चे मडके आणि पूर्णाकाठचे गुरुजी

धागा : मराठवाड्यातील काही 'नापास' विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी सिद्धेश्वर हे गाव आहे. आज बहुतेकांना ते धरणामुळे ठाऊक आहे. वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी पूर्णा प्रकल्पाची ही जोडधरणे १९६०च्या दशकात उभी राहिली. त्यानंतर कालव्यांचे पाणी वसमत आणि परभणीच्या शिवारांत पोचले आणि या मुलखाचे अर्थकारण पालटले. या धाग्याचा विषय मात्र पाणी नाही. सिद्धेश्वरच्या आसपासच्या याच टापूत औंढ्याचे नागनाथ मंदिर आहे, नामदेवांचे नर्सी आहे, कळमनुरीकडचे नांदापूर आणि वसमतजवळचे कुरुंदा आहे. या चार गावांना जोडून पाहिले तर एक जुना प्रश्न समोर येतो : परीक्षेत हुकलेल्या मुलाचे पुढे काय होते, आणि ते कोणाच्या हाती असते?

आरंभ कथेपासून करणे सोयीचे आहे. ती इतिहास म्हणून नव्हे, तर कथा म्हणूनच वाचावी. संतचरित्रांची परंपरा सांगते की तेरला संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबा काकांना विचारले, इथली मडकी पक्की किती आणि कच्ची किती? गोरोबा जातीने कुंभार. त्यांनी थापटणे उचलले आणि एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र चिडले. निकाल लागला : हे मडके कच्चे.

ही कथा शाळकरी वयात सर्वांनी ऐकलेली असते आणि ती बहुधा इथेच थांबते. अहंकार वाईट, एवढे तात्पर्य काढून पुस्तक मिटले जाते. परंतु कथेचा खरा भाग पुढे आहे. नामदेव अपमानित होऊन पंढरीला विठ्ठलाकडे जातात आणि विठ्ठलच त्यांना सांगतो की तुला गुरू हवा. विसोबा खेचरांकडे जा. ज्या विद्यार्थ्याचा देवाशी थेट संवाद आहे, त्यालाही शिक्षक लागतो, असे परंपरेने मानले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

औंढा नागनाथाच्या देवळात नामदेव पोचतात तेव्हा म्हातारे विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसतात. (काही पाठांत हे स्थळ वेगळे आहे, औंढ्याची परंपरा मात्र आजही जिवंत आहे.) नामदेव संतापतात. विसोबा म्हणतात, बाबा, मी थकलो आहे, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात आणि जिथे ठेवतात तिथे लिंग उभे राहते.

चमत्कार बाजूला ठेवून या प्रसंगाकडे अध्यापनाचा नमुना म्हणून पाहिले तर काय दिसते? गोरोबांनी परीक्षा घेतली आणि निकाल सांगितला. विसोबांनी निकालाचा उच्चारही केला नाही. त्यांनी विद्यार्थ्याच्या हाती एक काम दिले, आणि उत्तर त्या काम करण्यातूनच विद्यार्थ्याला सापडले. विसोबांनी प्रवचन केले असते तर नामदेवांनी वाद घातला असता. वाद घालायला तर ते तयारच होऊन आले होते.

आणखी एक तपशील या कथेत दडलेला आहे. विसोबा स्वतः कधीकाळी चुकलेले होते. ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करणाऱ्यांत त्यांचे नाव परंपरा घेते. पुढे पश्चात्ताप होऊन ते त्याच भावंडांना शरण गेले. म्हणजे नामदेवांना ज्याच्याकडे पाठवले गेले तो गुणवत्ता यादीतला पहिला नव्हता. आपण कसे चुकलो होतो, हे आठवणारा माणूस होता. नामदेव पुढे उत्तरेत पंजाबपर्यंत गेले, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आज समाविष्ट आहेत. कच्च्या ठरलेल्या मडक्याचा हा प्रवास.

आता कथेतून इतिहासात येऊ.

हा सगळा टापू १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा १८८०च्या दशकात आली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि विज्ञान, वैद्यक, कायदा हे सर्व विषय उर्दूतून शिकवण्याचा निर्णय झाला. त्यासाठी भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उभारले गेले आणि इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे आधुनिक भारतातील पहिले विद्यापीठ. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. अडचण एवढीच होती की संस्थानातील बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती. जवळपास निम्मी प्रजा तेलुगू बोले, साधारण पाव मराठी, उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू.

याचा अर्थ एका मुलाच्या दृष्टीने काय होता, ते पाहावे. औंढा किंवा वसमतच्या शाळेत तो पहिली अक्षरे मराठीत गिरवी. काही इयत्ता गेल्या की वरच्या वर्गात भूगोल, गणित, इतिहास उर्दूत सुरू होत. घरी मराठी, देवळात मराठी, बाजारात मराठी आणि फळ्यावर उर्दू. जो मुलगा तिसरीत हुशार ठरला, तोच पुढे मठ्ठ ठरू शकत होता. मध्ये त्याच्या बुद्धीला काहीही झालेले नसे. अशा व्यवस्थेत शिक्षकाचे काम विषय शिकवण्यापुरते राहत नाही. फळ्यावरची भाषा आणि मुलाच्या डोक्यातली भाषा यांच्यामधला तो दुभाषा होतो. हे काम करायचे की नाही, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नसते. ते शिक्षक आणि मूल यांच्यातल्या संबंधावर ठरते.

म्हणूनच संस्थानातील खासगी मराठी शाळांचा इतिहास महत्त्वाचा आहे. हैदराबादचे विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय ही दोन्ही १९०७ची. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ची. या शाळांना सरकारी परवानगीची टांगती तलवार असे. पगार तुटपुंजे असत. तरीही तिथे शिकवायला येणारी माणसे येत राहिली, आणि त्यांतील अनेकांनी शाळा हीच आपली सार्वजनिक चळवळ मानली. कारण राजकीय सभा घेण्याचे दुसरे मोकळे ठिकाण संस्थानात फारसे नव्हतेच.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. असहकाराच्या त्या काळात ब्रिटिश मुलखात राष्ट्रीय शाळा अनेक निघाल्या. निजामाच्या मुलखात, एका खेड्यात ती काढणे हे वेगळे धाडस होते. १९२९ साली या शाळेत एक मुख्याध्यापक आले : व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. पुण्याच्या टिळक महाविद्यालयात शिकलेले, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले. हिप्परग्यात असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही त्यांनी शाळा सोडली नाही, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. संन्याशाचे स्थान हिमालयात असते, असा आपल्याकडे समज. या संन्याशाचे स्थान वर्गात होते.

हिप्परग्याची शाळा निवासी वळणाची होती. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात राहत, एकत्र जेवत, एकत्र श्रम करत. अशा ठिकाणी शिक्षकाला मुलाविषयी जे कळते ते हजेरीपटावरून कळत नाही : कोण रात्री जागतो, कोणाला घरची आठवण येते, कोणाचे फी भरण्याचे सोंग आहे आणि कोणाची खरी अडचण. १९३५ साली स्वामीजी आणि त्यांचे काही सहकारी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले, आणि तेथील योगेश्वरी विद्यालय मराठवाड्यातील घडामोडींचे केंद्र बनले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे शिक्षक या वर्तुळातलेच.

१९३८मध्ये स्वामीजींनी अध्यापन सोडले आणि स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उडी घेतली. संघटना उभी राहण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, त्यांना काढून टाकण्यात आले, आणि शेकडो मुलांपुढे शिक्षण संपण्याची वेळ आली. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना प्रवेश दिला म्हणून त्यांची वर्षे वाचली. या चळवळीकडे राजकीय इतिहास म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण शिक्षणाचा इतिहास म्हणून पाहिले तर एक अवघड प्रश्न उरतो. ज्या शिक्षकांवर मुलांचा इतका विश्वास होता, त्यांच्या शब्दाखातर मुले आपली पदवी पणाला लावायला तयार झाली. शिक्षकाच्या हाती असलेली ही शक्ती केवढी आणि तिची जबाबदारी केवढी! त्या पिढीतील थोर शिक्षकांना या जबाबदारीची जाणीव होती, असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून म्हणता येते : स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातील बहुतेकजण पुन्हा शाळा-महाविद्यालये उभारण्याकडेच वळले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५०मध्ये स्वामीजींच्याच पुढाकाराने निघाले.

आणि त्या कॉलेजच्या इतिहासात या धाग्याचा मुख्य नायक भेटतो.

नरहर अंबादास कुरुंदकर. जन्म १५ जुलै १९३२, आजोळी नांदापूरला. घराणे वसमतजवळच्या कुरुंद्याचे. दोन्ही गावे आज हिंगोली जिल्ह्यात. कुरुंदकरांना महाराष्ट्र ओळखतो तो 'जागर', 'शिवरात्र', 'मागोवा', 'रूपवेध' अशा पुस्तकांचा लेखक म्हणून. भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्यापासून रिचर्डसच्या कलामीमांसेपर्यंत अधिकाराने बोलणारा विचारवंत म्हणून. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला त्यांचे दीर्घ पत्रच प्रस्तावना म्हणून लाभले, आणि शिवचरित्राचा अभ्यास करणारे आजही कादंबरी बाजूला ठेवून केवळ ती प्रस्तावना वाचताना आढळतात.

हाच माणूस इंटरच्या परीक्षेत एकापेक्षा अधिक वेळा नापास झाला होता.

कुरुंदकरांचे शालेय शिक्षण वसमतला झाले आणि नंतर ते हैदराबादला सिटी कॉलेजात गेले. तारखा लक्षात घेतल्या पाहिजेत. संस्थान भारतात विलीन झाले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. तेव्हा त्यांचे वय सोळा होते. म्हणजे ज्या वयात आजचा विद्यार्थी दहावीचे वर्ष काढत असतो, त्या वयात त्यांच्या भोवती रझाकारांची दहशत, चळवळ, पोलीस कारवाई आणि एका राज्याचा अस्त हे सारे घडत होते. शिक्षणाचे माध्यम, अभ्यासक्रम, सत्ता सर्व काही एकदम बदलले. या पिढीच्या गुणपत्रिका वाचताना एवढा संदर्भ तरी सोबत ठेवायला हवा.

हैदराबादेत त्यांना दोन माणसे लाभली. एक त्यांचे मामा, डॉ. ना. गो. नांदापूरकर : उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास करणारे 'मुक्त-मयूरांची भारते' या ग्रंथाचे कर्ते. उर्दू माध्यमाच्या विद्यापीठात मराठीचा संसार चालवणारा हा माणूस. दुसरे प्रा. भालचंद्र महाराज कहाळेकर. कहाळेकरांनी लिहिले थोडे. त्यांचे कर्तृत्व माणसांत उरले. मराठवाड्यातील एका पिढीने त्यांच्याशी बोलत बोलत विचार करणे शिकले. ग्रंथसूचीत अशा शिक्षकांना जागा मिळत नाही, त्यामुळे इतिहासातही मिळत नाही. हा आपल्या इतिहासलेखनाचा जुना दोष आहे : जो लिहितो तो उरतो, जो शिकवतो तो शिष्याच्या लेखनात विरघळून जातो.

कुरुंदकरांनी या दोघांचे ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केले. आता जरा थांबून हिशेब मांडावा. एका बाजूला विद्यापीठाचा निकाल : अनुत्तीर्ण. दुसऱ्या बाजूला दोन प्राध्यापक, जे त्याच मुलाशी बरोबरीने वाद घालतात, त्याला ग्रंथ देतात, त्याचे म्हणणे ऐकून घेतात. मुलाने कोणता निकाल खरा मानावा? कुरुंदकरांनी दुसरा मानला, असे त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून दिसते. परीक्षेत हुकल्यावर त्यांनी पुस्तके सोडली नाहीत. आणि मग त्यांनी जो व्यवसाय निवडला तो आश्चर्यकारक आहे : ते शिक्षक झाले.

१९५०च्या दशकाच्या मध्यात ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत शिकवू लागले. राहिलेल्या पदव्या त्यांनी नोकरी करत करत मिळवल्या, एम.ए. झाले, आणि पुढे पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक म्हणून गेले. आयुष्याची अखेरची वर्षे ते तिथेच प्राचार्य होते. प्राचार्य झाल्यावरही नांदेड त्यांना 'गुरुजी'च म्हणत राहिले. मराठीत 'सर' आणि 'गुरुजी' या दोन शब्दांत केवढे अंतर आहे हे वेगळे सांगायला नको. 'सर' हे पदाला म्हणतात, 'गुरुजी' शाळेतल्या त्या पहिल्या माणसाला, ज्याने हात धरून अक्षर गिरवून घेतले. कॉलेजच्या प्राचार्यांना प्राथमिक शाळेतले संबोधन मिळावे आणि त्यांनी ते अभिमानाने मिरवावे, यात त्या गावाचा आणि त्या माणसाचा संबंध दिसतो.

कुरुंदकरांच्या लेखनाची घडण नीट पाहिली तर ती वर्गातली आहे, हे ध्यानात येते. त्यांची बरीच पुस्तके व्याख्यानांतून सिद्ध झाली. वाक्ये सरळ. आधी समोरच्याचा आक्षेप स्वतःच्या तोंडून, शक्य तितक्या बळकट रूपात मांडायचा. मग त्याचा एकेक धागा उसवायचा. ही लकब ज्याने रोज साठ मुलांच्या शंका ऐकल्या आहेत त्याचीच असू शकते. परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला एक गोष्ट ठाऊक असते जी पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला सहसा नसते : न कळणे म्हणजे नेमके काय होणे. विसोबांची आठवण इथे पुन्हा होते.

परंतु गुरुशिष्यसंबंधाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. नांदापूरकर हे कुरुंदकरांचे मामा होते. घरात ग्रंथ होते, नात्यात प्राध्यापक होते. नापास झालेल्या मुलाला सावरणारे हात आधीपासून जवळ असणे, हे भाग्य मराठवाड्यातील किती मुलांच्या वाट्याला येत होते? पूर्णाकाठच्या त्याच गावांतील दलित वस्तीतल्या मुलाला मामा प्राध्यापक मिळणे अशक्य होते. शाळेच्या ओट्यावर बसायला मिळाले तरी पुष्कळ. मुलींची गोष्ट तर वेगळीच. प्रेमळ गुरू भेटणे हा योगायोग राहिला तर त्याचा लाभ जात आणि घराणे पाहूनच वाटला जातो.

हे ज्याने स्वतः अनुभवले होते, त्याने मराठवाड्यात त्यावर उपाय शोधला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. तिथल्या शाळेत त्यांना वेगळे, स्वतःच्या घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते, जे मधल्या सुट्टीत आपल्या जेवणातला वाटा या मुलाला देत. ही आठवणही बाबासाहेबांनीच सांगितली आणि आयुष्यभर जपली. त्यांच्या आडनावाची कथा याच शिक्षकांशी जोडली जाते. पुढे मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर भेटले. केळुसकर हे त्यांचे वर्गशिक्षक नव्हते, दुसऱ्या शाळेतले. बागेत पुस्तक वाचत बसलेला मुलगा त्यांना दिसला आणि ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कारात केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, आणि पुढे बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३मध्ये हाच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात पोचला.

एकीकडे गोणपाट, दुसरीकडे जेवणातला वाटा. दोन्ही एकाच शाळेत. चांगला शिक्षक व्यवस्थेचा अन्याय पुसू शकत नाही, तो फक्त मुलाला तग धरायला मदत करतो. बाबासाहेबांना हा फरक पक्का ठाऊक होता. म्हणून त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. निजामी राजवटीनंतर मराठवाड्यात महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि खेड्यातून येणाऱ्या गरीब मुलासाठी तर एकही आपले म्हणावे असे नव्हते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परभणी, नांदेड, बीड जिल्ह्यांतली मुले इथे येऊ लागली, वसतिगृहात राहू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या मुलांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. ते १९५५मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले आणि दलित रंगभूमीचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख होतो. प्राचार्याने विद्यार्थ्यांसाठी नाटक लिहावे आणि ते विद्यार्थ्यांनी संस्थापकासमोर करावे, ही घटना पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही धड्याहून मोठी होती.

या महाविद्यालयाच्या नावातच शिक्षणाचा एक विचार आहे. महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. नागसेन म्हणजे त्याच्या शंकांना उत्तरे देणारा बौद्ध भिक्षू. दोघांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. त्यात आरंभीच नागसेन राजाला विचारतो की चर्चा पंडितांसारखी करायची की राजांसारखी. कारण पंडित खोडून काढले गेले तरी रागावत नाहीत, राजे मात्र दंड करतात. राजा पंडितांची रीत पत्करतो आणि मगच संवाद सुरू होतो. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिले ते शंका विचारणाऱ्याचे. शिक्षकाचे नाव भोवतालच्या वनाला. शिकणारा मध्ये, शिकवणारा त्याच्या सभोवती.

आधुनिक संशोधन याबाबत काय म्हणते, याचा धावता उल्लेख पुरे. १९६८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतील रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतील शिक्षकांना सांगितले की अमुक मुले यंदा झेप घेणार आहेत. ती नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकावीत तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, ती मुले खरोखर पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली आणि परिणामाचा आकार वादग्रस्त ठरला. मात्र शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर ठसा उमटतो, हा प्रश्न कायमचा पटलावर आला. २००१मध्ये ब्रिजेट हॅमरे आणि रॉबर्ट पियांटा यांनी १७९ मुलांचा बालवाडीपासून आठवीपर्यंतचा मागोवा प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या शिक्षिकेशी ज्यांचे सतत खटके उडत, त्यांच्या अडचणी, विशेषतः मुलग्यांच्या, वरच्या इयत्तांपर्यंत मागे राहिलेल्या आढळल्या. गोरोबांच्या थापटण्याचा आवाज मुलांच्या कानांत किती वर्षे घुमतो, याचे हे एक मोजमाप म्हणता येईल.

तथापि आकडे जे सांगत नाहीत ते मराठवाड्याचा इतिहास सांगतो. हिप्परग्यात जवळीक होती ती एकत्र राहण्यातून. नांदेडात ती होती वादातून. कुरुंदकरांशी मतभेद असणे हेच अनेकांना त्यांच्याजवळ जाण्याचे निमित्त झाले. नागसेनवनात ती होती वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि रंगमंच यांतून, म्हणजे संस्थेतून. प्रत्येक ठिकाणी शिक्षकाने वेगळी गोष्ट दिली. ज्या समाजात मुलाला घरून पुस्तक मिळते तिथे वाद पुरतो. जिथे जेवणाचीच भ्रांत आहे तिथे आधी वसतिगृह लागते. गुरूची माया ही एकच वस्तू आहे असे मानून तिचे स्तोत्र गाणाऱ्यांनी हा फरक पाहिलेला नसतो.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात व्यासपीठावर असतानाच कुरुंदकरांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. वय पन्नासही नव्हते. ज्यांनी त्यांना वर्गात ऐकले होते त्यांनी पुढे त्यांची विखुरलेली व्याख्याने आणि लेख गोळा केले, संपादित केले, पुस्तकरूपाने आणले. त्यांच्या नावावरची अनेक पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतरची आहेत, म्हणजे एका अर्थाने विद्यार्थ्यांनी आणि मित्रांनी पूर्ण केलेली.

स्वामी रामानंद तीर्थ त्यापूर्वीच, २२ जानेवारी १९७२ रोजी गेले होते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनीच, नांदेडला नवे विद्यापीठ सुरू झाले आणि त्याला स्वामीजींचे नाव देण्यात आले. औंढा, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांतून पदवी घेणारी मुले याच विद्यापीठाच्या परीक्षा देतात. त्यांच्या गुणपत्रिकेवर, पास असो वा नापास, सर्वांत वर हिप्परग्याच्या एका मुख्याध्यापकाचे नाव छापलेले असते.